मेरेट ओपनहाइम: फरच्या कपबशीनंतरची पन्नास वर्षं

रेशीमकाठ (मुख्य धागा)

मेरेट ओपनहाइम बावीस वर्षांची होती तेव्हा तिने एक कप, एक बशी आणि एक चमचा यांना गझेल हरणाची फर चढवली. साल १९३६. त्यानंतर ती जवळजवळ पन्नास वर्षं जगली. शिल्पं केली, चित्रं काढली, कविता लिहिल्या, दागिने आणि फर्निचर घडवलं, बर्न शहरातल्या एका चौकात कारंजं उभं केलं. तरी कलेच्या इतिहासात तिच्या नावापुढे ती कपबशीच उभी असते. मला ती कपबशी मनापासून आवडते. पण तिच्याआड बाकीचं सगळं झाकलं गेलं याचं वाईटही तितकंच वाटतं, म्हणून हा धागा.

आधी थोडं पूर्वायुष्य. जन्म ६ ऑक्टोबर १९१३, बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातला. वडील जर्मन ज्यू डॉक्टर, आई स्विस. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि आई तिला घेऊन माहेरी, स्वित्झर्लंडमधल्या डेलेमाँ गावी आली. आजी लिझा वेंगर मुलांसाठी पुस्तकं लिहायची, त्यांतली चित्रंही काढायची आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी उभी राहायची. मावशी काही काळ जर्मन लेखक हेर्मान हेसची पत्नी होती. म्हणजे घरात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची वर्दळ पहिल्यापासून. वडिलांना युंगच्या मानसशास्त्राची ओढ होती. मेरेटने चौदा-पंधराव्या वर्षी स्वप्नं टिपून ठेवायला सुरुवात केली ती त्यातूनच, आणि ही सवय तिने शेवटपर्यंत सोडली नाही. शाळेतल्या गणिताच्या वहीत तिने एक समीकरण मांडलं होतं: क्ष बरोबर ससा. आंद्रे ब्रेताँ हा अतिवास्तववादाचा, म्हणजे स्वप्न आणि नेणीव यांतून कला शोधणाऱ्या चळवळीचा म्होरक्या; त्याच्या नियतकालिकात हे पान १९५७ साली छापून आलं.

१९३२ च्या मे महिन्यात, अठरा वर्षांची असताना, चित्रकार मैत्रीण इरेन झुर्किंडेनबरोबर ती पॅरिसला गेली. अकादमीत नाव घातलं, पण वर्गात फारशी रमली नाही. पुढच्या वर्षी अल्बेर्तो जाकोमेत्ती आणि हान्स आर्प हे शिल्पकार तिचं काम बघायला आले आणि अतिवास्तववाद्यांच्या दालनात तिला प्रदर्शनाला बोलावलं. याच वर्षी मॅन रेने तिची छायाचित्रं काढली: छापखान्याच्या यंत्राच्या चाकापाशी नग्न उभी, हाताला शाई फासलेली. ही छायाचित्रं गाजली आणि त्यांनी तिचं नुकसानही केलं. विशीतली मुलगी स्वतः काही घडवते आहे हे बघायच्या आधी लोकांना तिचं शरीर दिसलं. मॅक्स अर्न्स्टशी वर्षभर प्रेमसंबंध होते. ते तिनेच तोडले, आणि माझ्या मते तिच्या पॅरिसमधल्या वर्षांत याहून शहाणा निर्णय दुसरा नाही. अर्न्स्ट तेव्हा पक्का, नावाजलेला चित्रकार होता. त्याच्या सावलीत राहिली असती तर तिचं स्वतःचं काही उगवलं नसतं.

कपबशीची हकीकत बऱ्याच जणांना माहीत असेल. पोटासाठी ती फॅशनच्या दागिन्यांचे नमुने करत होती. फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेल्लीसाठी केलेलं, धातूच्या नळीवर फर चढवलेलं कडं हातात घालून ती कॅफे द फ्लोरमध्ये बसली होती, समोर पिकासो आणि छायाचित्रकार दोरा मार. पिकासो म्हणाला, फरने काय हवं ते मढवता येईल. ती म्हणाली, हो, ही कपबशीसुद्धा. मग ब्रेताँने वस्तूंच्या प्रदर्शनासाठी तिच्याकडे काम मागितलं. तिने स्वस्त मालाच्या मोठ्या दुकानातून साधी कपबशी आणली आणि बोललेलं करून दाखवलं. मे १९३६ मध्ये शार्ल रातोंच्या गॅलरीत ती मांडली गेली, पुढच्या महिन्यात लंडनला गेली आणि वर्ष संपायच्या आत न्यूयॉर्कला. तिथल्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टचे संचालक आल्फ्रेड बार यांनी ती पन्नास डॉलरला घेतली. मेरेटने नुसतं 'वस्तू' म्हटलं होतं. 'फरमधली न्याहारी' हे नाव ब्रेताँने दिलं, माने या चित्रकाराच्या गाजलेल्या चित्राची आठवण करून देणारं. त्या नावाने कपबशीत एक चावट सूर भरला आणि तो कायमचा चिकटला.

पुढच्या काळाबद्दल एकाच दमात लिहीत नाही. तुमचे प्रतिसाद येतील तशी भर घालते.


घाटमाथा

लेख आवडला, पण मनातली शंका स्पष्ट विचारतो. बाजारातून आणलेल्या कपबशीला बाजारातूनच आणलेली फर चिकटवली, यात शिल्पकला कुठे आहे? दगड फोडणारा, माती मळणारा, ओतकाम करणारा शिल्पकार वर्षानुवर्षं हात घडवतो. इथे कल्पना चमकदार आहे हे मान्य. पण मग तिला कल्पक म्हणू या, शिल्पकार कशाला? मला खरंच समजून घ्यायचं आहे.


छिन्नी-हातोडा

घाटमाथा, मी जे. जे. मध्ये शिल्पकला शिकलो, दगडात आणि ब्राँझमध्ये काम करतो, म्हणून उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

आधी हाताचं. फरला केसांची दिशा असते. सपाट पृष्ठभागावर ती सांभाळणं सोपं, पण कप आतून खोलगट आणि बाहेरून फुगीर, त्यात कान आणि काठ. काठावर आतली आणि बाहेरची फर भेटते तिथे सांधा दिसला तर सगळं काम पडलं. चमच्याचा खोलगा त्याहून अवघड. मूळ कामाचे जवळून घेतलेले फोटो बघा, केस वळणाबरोबर वळतात. वस्तू एका दृष्टीत 'झालेली' वाटते, 'चिकटवलेली' वाटत नाही. आकारही लहान आहे: कपाचा व्यास अकरा सेंटिमीटरच्या आत, बशी चोवीसच्या आत. एवढ्याशा मापात चूक लपत नाही.

पण शिल्प हाताच्या कसबात संपत नाही. शिल्पकार पृष्ठभाग आणि घन यांच्याशी खेळतो आणि बघणाऱ्याच्या अंगात काहीतरी हलवतो. ही कपबशी बघताना हात म्हणतो कुरवाळ, ओठ म्हणतात नको. हे डोळ्यांनी बघून घडतं, स्पर्श न करता. संगमरवरातही आम्ही याच्याच मागे असतो, दगड कातडीसारखा वाटावा म्हणून महिने घालवतो. तिने उलट्या बाजूने जाऊन तेच साधलं.

तयार वस्तूच कला म्हणून मांडणाऱ्या मार्सेल द्युशाँशी तुलना नेहमी केली जाते, मला ती पटत नाही. द्युशाँ वस्तू निवडायचा आणि बहुतेकदा तिला तशीच सोडायचा. त्याला वस्तूबद्दल निर्विकार राहायचं होतं. ओपनहाइम वस्तूची कातडी बदलते, दोन वस्तू शिवून एक करते, वस्तूला प्राण्याच्या जातीत ढकलते. ती निर्विकार अजिबात नाही. तिला चमच्याबद्दल काहीतरी वाटतं.


जाईजुई

+१. आणि त्याच साली तिने केलेली दुसरी वस्तू मला कपबशीपेक्षा जास्त हादरवते. चांदीच्या तबकात पांढऱ्या उंच टाचांच्या बुटांचा जोड उलटा ठेवलाय, दोऱ्याने आवळून बांधलाय आणि टाचांना कागदी झालर लावलीय. भाजलेली कोंबडी जशी वाढतात तशी. नाव 'माझी दाई', तेही फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन तिन्ही भाषांत. आज जी आहे ती स्टॉकहोमच्या मोदेर्ना म्युसेएत या संग्रहालयात. मूळ वस्तू टिकली नाही, तिने नंतर पुन्हा घडवली.

बाईचे बूट, आणि ते ताटात वाढलेले. लहानपणी आपल्याला सांभाळणारी बाई, तिची आवळलेली टाच, घरातलं शिस्तीचं जेवण, हे सगळं एका तबकात. काही जण त्यात फक्त शरीर बघतात. मला त्यात बांधलं जाणं दिसतं.


अभ्रक

मी संग्रहालयांतल्या वस्तूंच्या जतनाचं काम करते, त्यामुळे थोडी वेगळी माहिती.

फर हे जतनाच्या दृष्टीने फार त्रासाचं माध्यम. कसर लागते, केस गळतात, उजेडाने रंग उडतो, हवा कोरडी झाली की कातडी आक्रसते आणि खालच्या चिनी मातीपासून सुटायला लागते. अशा वस्तूंसाठी उजेड साधारण पन्नास लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाचं माप), म्हणजे मंदच ठेवतात, बंद काचपेटीत, आर्द्रता सांभाळून. म्हणून ती वस्तू प्रत्यक्ष बघताना अंधारलेली आणि फोटोपेक्षा मळकट वाटते. जाणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी. बावीस वर्षांच्या मुलीने कॅफेतल्या बोलण्यावरून केलेली गोष्ट शतकभर टिकवायची, यामागे अनेक अनामिक हात असतात.

आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ओपनहाइमनेही काही काळ हेच काम केलं. पॅरिसहून परतल्यावर बाझलच्या कलाव्यवसाय शाळेत ती शिकली आणि चित्रांच्या दुरुस्ती-जतनावर पोट भरायला लागली. दुसऱ्यांची फाटलेली, पोपडे सुटलेली चित्रं सावरताना स्वतःचा हात पुसून टाकावा लागतो, कामावर आपली छाप दिसता कामा नये. ज्या काळात तिची स्वतःची निर्मिती अडली होती त्याच काळात ती हे करत होती.


निवांत पारवा

अभ्रक, ही माहिती नवीन आहे. निर्मिती अडली होती म्हणजे नेमकं काय झालं? यशाच्या शिखरावर असताना एकदम थांबली? विशीतच जग जिंकलं आणि मग दडपण आलं, असं काहीतरी वाचल्यासारखं वाटतं.


रेशीमकाठ

निवांत पारवा, या प्रश्नाची वाटच बघत होते. तिच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात मोठा तुकडा आहे आणि सगळ्यात कमी लिहिला जाणारा.

साधारण १९३७ ते १९५४, सतरा-अठरा वर्षं. 'यशाचं दडपण' हे सोपं उत्तर आहे, पण त्यात पैशांची बाजू पूर्ण सुटते. १९३६ सालीच तिच्या वडिलांना ज्यू असल्यामुळे जर्मनी सोडावी लागली. स्वित्झर्लंडमध्ये त्यांना डॉक्टरकी करता येईना. पॅरिसमध्ये तिला घरून जो आधार मिळत होता तो आटला. फॅशनसाठी नमुने विकून फार काही भागत नव्हतं. १९३७ मध्ये ती बाझलला परतली ती या परिस्थितीत. युरोपात युद्धाचे ढग, बापाचं घर उठलेलं, खिशात पैसा नाही.

त्यावर ते छायाचित्रांमधून झालेलं नाव. लोकांना तिच्यात अतिवास्तववाद्यांची सुंदर मुलगी हवी होती आणि जोडीला फर मढवलेली आणखी एखादी वस्तू. तिने स्वतः नंतर सांगितलं आहे की हजारो वर्षं बायकांना कमी लेखलं गेलं त्याचं ओझं आपल्या खांद्यांवर येऊन बसल्यासारखं वाटत होतं. हे वाक्य आज घोषणेसारखं वाटेल, पण ती ते एका आजारपणाचं वर्णन म्हणून सांगते.

ती पूर्ण थांबली नव्हती. १९३८ चं 'दगडबाई' नावाचं चित्र बघा. नदीकाठी गोटे एकमेकांना लागून पडलेत आणि त्यांची मिळून एक झोपलेली बाई झालीय, पाय मात्र पाण्यात आणि जिवंत. १९३९ मध्ये पॅरिसमध्ये चमत्कृतीपूर्ण फर्निचरचं प्रदर्शन झालं, त्यासाठी तिने पक्ष्याच्या पायांवर उभं राहिलेलं टेबल केलं, सोनेरी वरच्या फळीवर पक्ष्याची पावलं उमटलेली. बाझलमधल्या फॅसिझमविरोधी 'ग्रुप ३३' च्या कलावंतांशी संबंध होते. पण या काळात केलेलं बरंचसं तिने स्वतःच फाडून, मोडून टाकलं किंवा अर्धवट सोडलं.

आणि १९५४ मध्ये तिने बर्नमध्ये पुन्हा स्टुडिओ घेतला. त्यानंतर मात्र हात थांबला नाही.


कवडसा

मी इथे क्वचितच लिहिते. सिरॅमिक्स करते, गोव्यात छोटी भट्टी आहे. रेशीमकाठचा वरचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं.

लग्नानंतर आणि मुलं लहान असताना माझी भट्टी बंद होती. लोक विचारायचे, सध्या काय नवीन? त्या प्रश्नाला उत्तर नसायचं. ओपनहाइमचं चरित्र मी त्या काळात वाचलं आणि मला तिच्या कपबशीपेक्षा तिचं परत येणं जवळचं वाटलं. एखाद्या कलावंताच्या यादीत दीड तपाचं रिकामं अंतर आहे आणि तरी पुढे तीस वर्षांचं भक्कम काम उभं राहतं, हे मला त्या वेळी कुणीतरी सांगायला हवं होतं.

एक विचारायचं आहे. ती परत आली तेव्हा नव्याने सुरुवात केली की जुन्याच धाग्यावरून?


रेशीमकाठ

कवडसा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. लिहीत राहा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्या कामातलं सगळ्यात सुंदर गुपित वाटतं. तिने टिपणं आणि रेखाटनं जपून ठेवली होती आणि ती पुढे पंचवीस, चाळीस वर्षांनी उघडली. 'हिरवा प्रेक्षक' या शिल्पाची कल्पना १९३३ ची, लाकडात उतरलं १९५९ मध्ये. जाकोमेत्तीच्या कानाचं रेखाटन १९३३ चं, ब्राँझमध्ये ओतलं १९७७ मध्ये. म्हणजे तिच्या कामांना तारीख लावताना दोन-दोन साल लिहावी लागतात. कलेच्या इतिहासकारांना याने डोकेदुखी होते, कारण कोणत्या दशकात तिला बसवायचं हे ठरत नाही. मला मात्र यातून तिची काळाकडे बघायची रीत कळते. कल्पना सुचली की लगेच बाजारात आणायची घाई नाही. ती थांबू शकते, तिच्यातला जीव जात नाही.

आणि ती एका शैलीत कधीच राहिली नाही. ढगांची चित्रं, अमूर्त चित्रं, मुखवटे, कविता, दागिने. १९५६ मध्ये बर्नमध्ये डॅनियल स्पोएरीने पिकासोचं नाटक बसवलं, त्याचे पोशाख आणि मुखवटे तिने केले. त्याच वर्षी 'जोडपं' झालं: तपकिरी, नाड्यांच्या बुटांचा जोड, दोन्हींची टोकं एकमेकांत मिसळून गेलेली. ते एकमेकांना सोडूही शकत नाहीत आणि चालूही शकत नाहीत. लग्नाबद्दल इतकं नेमकं शिल्प मला दुसरं माहीत नाही, आणि हे तिने स्वतः संसारात असताना केलं (१९४९ मध्ये वोल्फगांग ला रोशशी तिचं लग्न झालं होतं, ते १९६७ मध्ये गेले).


घाटमाथा

छिन्नी-हातोडा यांचं उत्तर पटलं. विशेषतः संगमरवराची बाजू मी कधी अशी पाहिली नव्हती. बुटांच्या जोडप्याचा फोटो शोधून पाहिला. त्यात कुठलीही हुशारी दाखवलेली नाही, सरळ दुखतं.

पण एक हरकत अजून आहे. १९५९ ची ती मेजवानी, ज्यात नग्न बाईच्या अंगावर जेवण मांडलं होतं. ती तिचीच ना? बायकांचं ओझं खांद्यावर घेणाऱ्या कलाकाराने हे का करावं?


जाईजुई

ही हरकत रास्त आहे, पण दोन प्रसंग वेगळे करावे लागतील.

पहिली मेजवानी १९५९ च्या वसंतात बर्नमध्ये झाली, मोजक्या मित्रमैत्रिणींसाठी, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. निजलेल्या स्त्रीचा चेहरा सोन्याने रंगवलेला, अंगावर अन्न आणि फुलं. तिच्या मनात वसंताचा, धरतीच्या सुफळपणाचा सोहळा होता. धरती अन्न देते, सगळे त्या अन्नाभोवती बसतात. सर्वांनी मिळून केलेला विधी.

मग ब्रेताँने त्याच वर्षअखेरीस पॅरिसमधल्या अतिवास्तववाद्यांच्या प्रदर्शनासाठी ती पुन्हा करायला सांगितली. तिथे गर्दी, उद्घाटन, छायाचित्रकार. विधीचा तमाशा झाला, आणि बाईचं शरीर पुरुषांच्या नजरेपुढचं ताट झालं. तिला ते अजिबात रुचलं नाही. यानंतर तिने त्या गटाबरोबर प्रदर्शनं करणं सोडलं. कपबशीचं नाव ठेवणारा ब्रेताँच, मेजवानी मोठ्या दालनात हलवणाराही ब्रेताँच. दोन्ही वेळा तिने केलेल्या गोष्टीचा अर्थ दुसऱ्याने ठरवला. दुसऱ्या वेळी ती उठून गेली.

तरी मी असंही म्हणेन की बर्नमधल्या सोहळ्यातही मला थोडं अवघडायला होतं. स्त्री म्हणजे धरती, हे समीकरण आपल्याकडेही फार जुनं आहे आणि त्याचे चटके आपल्याला माहीत आहेत.


रेशीमकाठ

जाईजुई, शेवटच्या परिच्छेदाशी सहमत.

याला जोडून तिची स्त्रीवादाबद्दलची भूमिका सांगते, कारण ती बऱ्याच जणांना गोंधळात टाकते. सत्तरच्या दशकात स्त्री-चळवळीने तिला डोक्यावर घेतलं, पण फक्त बायकांच्या अशा प्रदर्शनांत भाग घ्यायला ती नकार द्यायची. तिचं म्हणणं, मनाला लिंग नसतं. प्रत्येक निर्माणशील माणसात स्त्री आणि पुरुष दोन्ही असतात आणि पुरुषांनी आपल्यातली स्त्री दाबून ती बायकांवर लादली आहे. युंगचं वाचन इथे दिसतं.

आणि तरीही १६ जानेवारी १९७५ रोजी बाझल शहराचा कला पुरस्कार घेताना तिने जे भाषण केलं ते स्त्री-कलावंतांच्या बाजूने आहे. स्वातंत्र्य कुणी आणून देत नाही, ते घ्यावं लागतं, असं ती म्हणाली. हे कुठे म्हणाली ते लक्षात घ्या: स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताचा अधिकार १९७१ मध्ये मिळाला, म्हणजे भाषणाच्या चारच वर्षं आधी. समोर शहराचे मानकरी बसलेले. तिची आजी ज्या हक्कासाठी बोलत होती तो नातीच्या साठीच्या उंबरठ्यावर आला.


आरेकाठ

बर्नमध्ये राहतो, म्हणून कारंज्याबद्दल लिहितो. धाग्यात उल्लेख आलाय पण तपशील नाही.

वाइसेनहाउसप्लाट्झ हा मध्यवर्ती चौक. समोरची जुन्या अनाथाश्रमाची इमारत आता पोलिसांकडे आहे. चौकात आठ मीटर उंचीचा काँक्रीटचा खांब, त्यावर नागमोडी उतरत येणारी पन्हळ, तिच्यातून पाणी वाहतं. १९८३ मध्ये हे उभं राहिलं तेव्हा शहरात मोठा गदारोळ झाला. जुन्या बर्नची रंगीत पुतळ्यांची सोळाव्या शतकातली कारंजी लोकांच्या अभिमानाची, आणि त्यात हा राखाडी खांब! लोकांना तो फारच कुरूप वाटला.

पण तिने शिल्प तिथे संपवलंच नव्हतं. इथलं पाणी चुनखडीचं. वर्षानुवर्षं ते खांबावरून वाहत राहिलं आणि त्यावर चुन्याचे थर चढले, थरांवर शेवाळ आलं, शेवाळात बिया रुजल्या. आज काँक्रीट फारसं दिसत नाही. हिरवागार, फुगलेला, ओबडधोबड प्राणी उभा असल्यासारखं दिसतं, आणि हिवाळ्यात बर्फाची झुंबरं लटकतात. थर इतके वाढले की वजन जास्त होऊन पालिकेला ते कमी करावे लागले.

या धाग्याच्या निमित्ताने एक जाणवलं. कपाला तिने स्वतःच्या हाताने फर चढवली. खांबाला चढवायचं काम पाण्यावर सोपवलं. शिव्या देणाऱ्यांची नातवंडं आता तिथे पाण्यात हात घालून खेळतात.


छिन्नी-हातोडा

आरेकाठ, हा प्रतिसाद मला संपूर्ण धाग्यातला सगळ्यात मोलाचा वाटला. शिल्पकार सहसा काळाला शत्रू मानतो. ब्राँझ काळवंडू नये, दगड झिजू नये. तिने सत्तरीत काळालाच कारागीर म्हणून नेमलं.

आपल्याकडे घरगुती वस्तूंतून शिल्प करणारे म्हटलं की सुबोध गुप्ता यांची स्टीलची भांडी आठवतात, आणि मुंबईत सुदर्शन शेट्टी. शेट्टींच्या यांत्रिक हालचाली करणाऱ्या वस्तू मला ओपनहाइमच्या जास्त जवळच्या वाटतात, कारण तिथेही ओळखीची वस्तू स्वतःचा वेगळा जीव धरते. गुप्तांच्या भांड्यांत संख्येचा, ढिगाचा परिणाम असतो. ओपनहाइमला ढीग लागत नाही, एक चमचा पुरतो.


निवांत पारवा

स्वतःच्या कपबशीबद्दल तिला पुढे काय वाटायचं? राग होता का?


रेशीमकाठ

कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्याचंही तिने काम केलं. १९७० मध्ये तिने 'फरमधल्या न्याहारीची आठवण' नावाची वस्तू काढली, अनेक प्रतींत. जत्रेत किंवा पर्यटनस्थळी मिळणाऱ्या भडक आठवण-वस्तूसारखी, काचेखाली बसवलेली. कलाविश्वाने तिच्या कामाचं जे करून टाकलं होतं ते तिने लोकांच्या हातात ठेवलं.

दुसरीकडे, फरशी तिचं नातं संपलं नव्हतं. १९६९ ची 'खार' बघा. फेसाळलेल्या बिअरचा पेला आणि कानाच्या जागी खारीची झुपकेदार शेपटी. ही बघताना आनंद होतो, पेला उचलावासा वाटतो. १९८५ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, तिने हातमोजे केले: राखाडी मऊ कातड्याचे, त्यांवर लाल रेषांनी हातातल्या रक्तवाहिन्या काढलेल्या. मोजा हाताला झाकतो, हा मोजा हाताच्या आतलं बाहेर आणतो. १९६४ मध्ये तिने स्वतःच्या कवटीचा क्ष-किरण फोटो कलाकृती म्हणून मांडला होता, त्यात कानातली आणि अंगठ्या शाबूत दिसतात. मॅन रेच्या छायाचित्रांना तीस वर्षांनी दिलेलं हे उत्तर आहे असं मी मानते. तुम्हाला माझं शरीर बघायचं होतं ना, मग हाडांपर्यंत बघा.

छत्तिसाव्या वर्षी तिला स्वप्न पडलं होतं की कुणीतरी वाळूचं घड्याळ उलटं करतंय, म्हणजे निम्मं आयुष्य सरलं. ती १५ नोव्हेंबर १९८५ ला बाझलमध्ये गेली, बहात्तराव्या वर्षी.


कवडसा

खूप आभार. क्ष-किरणाचं मला माहीत नव्हतं.

शेवटचं विचारते. हे सगळं कुठे बघायला मिळेल? आणि ज्यांना युरोप-अमेरिकेला जाणं शक्य नाही त्यांनी कुठून सुरुवात करावी?


रेशीमकाठ

कपबशी न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, 'माझी दाई' स्टॉकहोमला. सगळ्यात मोठा साठा मात्र बर्नच्या कुन्स्टम्युझेउम या कलासंग्रहालयात, कारण तिने मृत्युपत्राने बरंच काम त्यांना दिलं.

घरबसल्या सुरुवात करायची तर २०२१ ते २०२३ या काळात बर्न, ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क अशा तीन ठिकाणी फिरलेल्या मोठ्या प्रदर्शनाचं साहित्य शोधा. त्याचं नाव 'माझं प्रदर्शन', आणि ते तिनेच ठरवून ठेवलेलं होतं. १९८३ मध्ये, बर्नमधल्या सिंहावलोकनी प्रदर्शनाची तयारी करताना, तिने बारा मोठ्या कागदांवर आपली आयुष्यभराची कामं अगदी बारीक रेखाटून, भिंतीवर कोणतं कशाशेजारी लागावं ते मांडून दाखवलं. कपबशी त्यात आहे, इतरांएवढीच लहान. मी कुणालाही तिची ओळख करून द्यायची झाली तर हे बारा कागद आधी दाखवते. न्यूयॉर्कच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्या प्रदर्शनाच्या दालनांचे फोटो आहेत, मोठे करून बघता येतात.


आरेकाठ

बर्नला कुणी येणार असेल तर निरोप ठेवा, कारंजं मी दाखवीन. पावसाळी दिवस निवडा, त्या दिवशी शेवाळ सगळ्यात हिरवं असतं. आणि कुन्स्टम्युझेउम तिथून चालत काही मिनिटांवर आहे, दोन्ही एका दुपारी होतं. सोमवारी संग्रहालय बंद असतं.


घाटमाथा

वाचनखूण साठवली. मुलीला उद्या बुटांचं जोडपं आणि खार दाखवतो, ती चित्रकलेच्या परीक्षेला बसली आहे. रेशीमकाठ, तिच्या कवितांवर एक वेगळा धागा काढाल का?


रेशीमकाठ

काढते. जर्मन जाणणारं इथे कुणी असेल तर सोबत या, दोघांनी मिळून काही कविता मराठीत आणू.